एक स्क्रूसुद्धा बदललेला नाही

आमच्या गाडीचा एक स्क्रूसुद्धा बदललेला नाही, असं मी दर रविवारी म्हणायचो. समोर माझा मेव्हणा बसलेला असायचा. त्याच्याकडे बाहेरून मागवलेली गाडी, माझ्याकडे आमच्याच कारखान्यात बनलेली. तो माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. माझी मुलगी लहान असताना त्याला इंपोर्टेड मामा म्हणाली आणि ते नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच.

मी मोटारीच्या कारखान्यात एकतीस वर्षं दारं बसवली. सगळी नाही, फक्त ड्रायव्हरच्या बाजूची. नवा माणूस दार चौकटीत अगदी बरोबर बसवतो आणि खूश होतो. सहा महिन्यांनी तेच दार खाली घासायला लागतं. दार आपल्या वजनानं थोडं उतरतं, म्हणून ते आधीच केसभर वर बसवायचं असतं. किती वर, ते हाताला कळतं, सांगता येत नाही. बसवलं की एकदा उघडून लावायचं. ‘खण्’ असा आवाज आला तर बिजागरी पुन्हा सैल करायची. ‘धप्प’ असा आला तर पुढची गाडी. आणि रबराच्या पट्टीखाली, कुणी बघणार नाही अशा जागी, मी पेन्सिलीनं एक टिंब द्यायचो. आमच्यातल्या प्रत्येकाची अशी काहीतरी खूण होती.

कारखान्यातून गाडी घ्यायची ठरली तेव्हा बायको माझ्याबरोबर यार्डात आली. तिनं रंग बघितला नाही, सीट बघितली नाही. एकेका गाडीचं रबर उचकटून बघत गेली. सातव्या गाडीपाशी थांबली आणि म्हणाली, “अहो, ही आपली.” गाडीचा रंग चिखलासारखा होता. यार्डातल्या माणसानं विचारलं, “वहिनी, हीच? ही तर कुणी घेत नाही.” ती म्हणाली, “मग बरंच झालं, आमचीच वाट बघत होती.”

त्याला बावीस वर्षं झाली. गाड्या बनवायचो मी, पण गाडी चालवायची ती. मला कंपनीची बस न्यायला-आणायला यायची, त्यामुळे लायसन्स खिशात आणि सवय शून्य. सर्व्हिसिंगला नेणं, हवा भरणं, पाणी बघणं, सगळं तिनंच केलं, तेही मी कामावर असताना. मी संध्याकाळी घरी येईपर्यंत गाडी पुसून जागेवर उभी असायची.

तिला जाऊन आठ महिने झाले. त्याबद्दल मला फार लिहिता येणार नाही. घर शांत झालं आणि गाडी माझ्याकडे आली. तिची सीट पुढे ओढलेली होती, कारण ती उंचीनं कमी. मी तीन आठवडे गुडघे स्टिअरिंगला लावून गाडी चालवली. मग एकदा वळणावर गुडघा अडकला, गाडी फुटपाथवर चढता चढता राहिली, तेव्हा सीट मागे घेतली. ती असती तर पहिल्याच दिवशी म्हणाली असती, “अहो, गाडी आहे, स्मारक नाही.”

आता मुद्द्यावर येतो. जुन्या गाडीची दर वर्षी तपासणी असते. पास झाली तर आणखी एक वर्ष, नापास झाली तर भंगार. यंदाची तपासणी गुरुवारी होती. आदल्या रविवारी मेव्हणा नेहमीसारखा आला. त्यानं आपली चकचकीत गाडी माझ्या गाडीशेजारी लावली, आत येऊन खुर्चीत बसला. मुलगी फोनवर होती. ती लांब राहते. फोन मी टेबलावर उभा करून ठेवला होता.

“भाऊजी, गुरुवारी अंत्ययात्रा का?” मेव्हणा म्हणाला आणि लगेच जीभ चावली. मी हसलो. आठ महिन्यांत आमच्या घरी सगळे असेच शब्द जपून वापरायला लागले होते, आणि मला त्याचाच जास्त त्रास होत होता.

“अंत्ययात्रा तुझ्या गाडीची निघेल,” मी म्हणालो. “तुझी गाडी म्हणजे फोन. पाच वर्षं झाली की कंपनीच सांगते, आता नवीन घ्या.”

“आणि तुमची म्हणजे खटारा. सुरू झाली की शेजारचे उठतात.”

“उठतात ना? तुझी सुरू झाली की तुलासुद्धा कळत नाही. माझ्या गाडीचं दार लावून बघ. बावीस वर्षं झाली. एक स्क्रूसुद्धा बदललेला नाही!”

इथं नेहमी बायको उठायची आणि चहा आणायला आत जायची. दर रविवारी, याच वाक्याला. मला वाटायचं तिला आमच्या वादाचा कंटाळा येतो. त्या दिवशी वाक्य बोलून झालं आणि कुणीच उठलं नाही. मेव्हणा गॅलरीतल्या कुंड्यांकडे बघत राहिला.

फोनमधून मुलगी म्हणाली, “बाबा, मला भीती वाटते तुम्ही ती चालवता त्याची. एक ठरवू या. गुरुवारी पास झाली तर मी एक अक्षर बोलणार नाही. नापास झाली तर ती द्यायची आणि नवी घ्यायची. हट्ट करायचा नाही.”

“कबूल,” मी म्हणालो. मला खात्री होती.

सोमवारी सकाळी किल्ली फिरवली आणि समोर बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागला, तो विझेचना.

नाक्याच्या पुढे बायकोच्या ओळखीचं गॅरेज होतं. मालक एकटाच काम करतो. त्याच्या वरच्या खिशात कायम एक पाना असतो, बारा-तेरा मापाचा, म्हणून सगळे त्याला बारातेरा म्हणतात. मी तिथं पहिल्यांदाच जात होतो. त्यानं गाडी ओळखली, मग मला बघून हात पुसले.

“वहिनींचं कळलं होतं. येणार होतो, पण काय बोलायचं ते सुचेना, म्हणून नाही आलो.”

“बरं केलंस. बोलणारे खूप आले,” मी म्हणालो. “हा दिवा बघ.”

त्यानं बॉनेट उघडून पाच मिनिटांत निकाल दिला. “डायनॅमो गेला, दादा. बॅटरी चार्ज होत नाही. असंच तपासणीला नेलंत तर हेडलाइट बघताक्षणी नापास करतील. आतलं जळलंय, दुरुस्त होणार नाही. दुसरा लावावा लागेल.”

“लाव. पण अस्सल पाहिजे. आमच्या कारखान्याचा. बाहेरचा माल माझ्या गाडीला लागणार नाही.”

बारातेरा काहीतरी बोलायला गेला, मग म्हणाला, “अस्सल आता बाजारात मिळत नाही, दादा. मॉडेल बंद पडून किती वर्षं झाली.”

“ते माझ्यावर सोड.”

कारखान्याच्या स्टोअरमध्ये माझा एक जुना दोस्त अजून नोकरीला आहे. त्याला फोन केला. त्यानं दिवसभर फळ्या धुंडाळल्या आणि मंगळवारी सकाळी गेटवर माझ्या हातात खोकं ठेवलं. वर कारखान्याचा शिक्का, आत ग्रीस लावलेल्या कागदात गुंडाळलेला कोरा डायनॅमो. “शेवटचा आहे,” तो म्हणाला. मी ते खोकं मांडीवर घेऊन बसनं गॅरेजला आलो. मूल आणावं तसं आणलं.

बारातेरानं जळालेला डायनॅमो काढून बाजूला ठेवला, माझा घेतला आणि बॉनेटखाली वाकला. बराच वेळ वाकलेला राहिला.

“काय झालं?”

“बसत नाही.”

“बसत नाही म्हणजे? अस्सल आहे तो. याच गाडीचा आहे.”

“डायनॅमो याच गाडीचा आहे, दादा. पण तो ज्यावर बसतो ते ब्रॅकेट या गाडीचं नाही.”

मी वाकून बघितलं. बोल्टाची भोकं बोटभर सरकलेली होती. माझी सगळी नोकरी भोकासमोर भोक आणण्यात गेली. बोटभर फरक म्हणजे चूक नव्हे, ती वेगळीच वस्तू.

“हे कुणी बदललं?”

बारातेरानं खिशातला पाना काढला, बघितला, परत खिशात ठेवला. “मी. नऊ वर्षं झाली. वहिनींनी सांगितलं म्हणून. आणि तुम्हाला सांगायचं नाही असं पण त्यांनीच सांगितलं होतं. आता त्या नाहीत, तर तो शब्द पाळायचा की नाही ते मला कळत नाही.”

“आणखी काय काय बदललंय?”

“तुम्ही बसा आधी.”

मी एका टायरवर बसलो. तो सांगत गेला. कारखान्याचा डायनॅमो तेराव्या वर्षी गेला. त्याच्या जागी बाहेरच्या देशातला आला, त्यासाठी ब्रॅकेट नवं केलं. चाकांची बेअरिंगं बाहेरची. ब्रेकचे ड्रम एकदा. पुढच्या स्प्रिंगा एकदा. स्टार्टर अडकायला लागला तेव्हा इंजिनामागची मोठी दातेरी रिंग.

“म्हणजे आमचा माल वाईट होता?” मी विचारलं. माझा आवाज मलाच लहान मुलासारखा वाटला.

“वाईट कशाला असेल? तेरा वर्षं डायनॅमो चालला, आणखी काय पाहिजे? लोखंड झिजतं, दादा. ते कुठल्या देशाचं आहे हे त्याला माहीत नसतं. माझ्याकडे दोन्ही प्रकारच्या गाड्या येतात. आताच्या गंजत नाहीत, इंजिनं पण छान, पण एक इलेक्ट्रॉनिक डबी बिघडली की जागच्या जागी उभ्या. तुमच्यासारख्या जुन्या रोज कुरकुर करतात आणि तरी घरी पोचवतात. आणि खरं सांगू? जिचा मालक वेळेवर येतो ती टिकते. वहिनी आवाज ऐकून यायच्या. मी म्हणायचो अजून महिनाभर चालेल, त्या म्हणायच्या, नाही, आजच बघ.”

“माझं असं काहीच उरलं नाही का गाडीत?”

“दार आहे ना. एकदा मागून कुणीतरी ठोकलं, तेव्हा मी म्हटलं दाराची बिजागरी पण बघून घेतो. तर माझ्यावर ओरडल्या. म्हणाल्या, गाडीत काय वाटेल ते कर, या दाराला पाना लावायचा नाही.”

मी उठून दारावरून एकदा हात फिरवला. मग विचारलं, “जुने भाग कुठे टाकलेस?”

“मी कुठे टाकले? वहिनी घरी न्यायच्या सगळे.”

घरी येऊन मी दारातच उभा राहिलो. आमच्याकडे छत्र्या एका जाड लोखंडी स्प्रिंगेत उभ्या असतात. बाजूला लाल रंग दिलेली दुसरी स्प्रिंग, तिच्यात काठी आणि झाडू. आतल्या खोलीतला आरसा काळ्या दातेरी रिंगेत बसवलेला. मी रोज त्यात बघून भांग पाडतो. वर्तमानपत्र उडू नये म्हणून त्यावर ठेवायला एक गुळगुळीत कडं. गॅलरीत दोन मोठ्या कुंड्या, दोन्हींच्या खाली वाडग्यासारखे लोखंडी ड्रम. ती म्हणायची, “भंगारवाल्याकडे मिळालं, टाकवेना.” आणि मी आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचो, बघा, आमच्या हिला कसला नाद आहे. एकतीस वर्षं मोटारीच्या कारखान्यात काढलेला मी, आणि माझ्याच गाडीच्या ब्रेकला रोज पाणी घालत होतो! पण आमच्या कारखान्यात ज्याला दार माहीत त्याला फक्त दारच माहीत. इंजिनाचा विभाग चार शेड पलीकडे होता. तिकडे मी चहालासुद्धा गेलो नाही.

पहिल्यांदा राग आला. मग गॅलरीत बसलो आणि हळूहळू राग उतरला. एक गोष्ट लक्षात आली. मी खोटं बोलत नव्हतो. गाडीतून काही गेलंच नव्हतं. सगळं घरातच होतं.

राहिला प्रश्न गुरुवारचा. मी गॅरेजमधून निघताना बारातेरानं सांगितलं होतं, “बाहेरचा डायनॅमो मागवायला दहा दिवस लागतील. पण वहिनींनी तेव्हा दोन आणवले होते. एक मी लावला, दुसरा त्यांनी भावाकडे ठेवायला दिला.”

भावाकडे. म्हणजे इंपोर्टेडकडे.

बुधवारी सकाळी मी तीनदा फोन उचलला आणि तीनदा ठेवला. शेजाऱ्याकडे मागणं सोपं असतं, मेव्हण्याकडे अवघड, आणि बावीस वर्षं ज्याची टर उडवली त्याच्याकडे तर विचारू नका. पण संध्याकाळपर्यंत गाडीत डायनॅमो बसला नाही तर गाडी जाणार होती, आणि गाडीबरोबर ते दारही. चौथ्यांदा फोन लावला.

“एक डायनॅमो पाहिजे होता,” मी म्हणालो.

तो म्हणाला, “कुणाच्या गाडीला?”

“आहे एकाची.”

“तुमच्या तर नाही ना? तुमच्या गाडीला स्क्रूसुद्धा लागत नाही असं ऐकून आहे.”

“तू आणतोस की मी येऊ?”

“पंधरा मिनिटांत येतो, भाऊजी.” आणि मला ऐकू आलं, तो हसत होता, पण नाकही ओढत होता.

गॅरेजबाहेर त्यानं डिकी उघडली. जुन्या टॉवेलात गुंडाळलेला डायनॅमो होता. टॉवेल आमच्या घरचा, कडेला हिरवी रेघ असलेला.

“कामासाठी बाहेर गेलो होतो, तेव्हा बॅगेत घालून आणले होते दोन्ही. विमानतळावर चार जण भोवती जमले, हे काय आहे म्हणून,” तो म्हणाला. “त्यानंतर दर रविवारी तुम्ही माझ्या परदेशी मालाला नावं ठेवायचात आणि मी आणलेला डायनॅमो तुमच्याच बॉनेटखाली फिरत असायचा.”

“मग तोंडावर का नाही सांगितलंस? एका वाक्यात माझी बोलती बंद झाली असती.”

“ताईनं शपथ घातली होती. म्हणाली, हे दिवसाला कितीतरी दारं बसवतात. संध्याकाळी हात वर होत नाही यांचा. आपण बनवलेलं टिकतं, एवढंच त्यांना पाहिजे असतं. टिकू दे.”

बारातेरा बॉनेटखाली होता, पण त्याचा पाना थांबला होता.

“आणि तेवढ्यावरच नाही थांबली,” मेव्हणा म्हणाला. “माझी गाडी नवीन होती ना, पहिल्या दोन वर्षांत चार वेळा रस्त्यात बंद पडली. कसलातरी सेन्सर. कंपनीचा माणूस यायला दोन दिवस. प्रत्येक वेळी ताई आली आणि मला ओढून घेऊन गेली. तुमच्या गाडीनं! म्हणाली, यांना कळलं तर तुला जगू देणार नाहीत. तुमच्या डिकीत दोरी आहे बघा.”

“ती? ती कपडे वाळत घालायला आहे म्हणाली होती.”

“एवढी जाड?”

“मी म्हटलं ओल्या चादरी जड असतात.”

बारातेरा आधी हसला. मग आम्ही दोघंही. मी टायरवर बसून इतका हसलो की डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यातलं थोडं हसण्याचं नव्हतं, पण कुणी विचारलं नाही.

अर्ध्या तासात डायनॅमो बसला. भोकासमोर भोक, हातानं बोल्ट फिरला. काम चांगलं होतं, मान्य करावं लागेल. लाल दिवा विझला.

गुरुवारी तपासणीच्या रांगेत मी गाडी स्वतः चालवत नेली. तपासणारी बाई तिशीची असेल, निळ्या कोटातली. तिनं ब्रेक बघितले, दिवे बघितले, खाली वाकून टॉर्च मारला. मी हात मागे बांधून उभा होतो. शाळेत निकालाला उभा राहायचो तसा. शेवटी तिनं ड्रायव्हरचं दार उघडलं आणि लावलं.

धप्प.

ती थांबली. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. धप्प.

“काका, बावीस वर्षांची गाडी आहे ना ही? आणि दार अस्सल आहे?”

गेल्या रविवारपर्यंत मी म्हणालो असतो, सगळी गाडी अस्सल आहे. “दार अस्सल आहे,” मी म्हणालो. “बाकीची आमच्या बायकोनं टिकवली.”

“त्यांना सांगा, छान ठेवलीय.” तिनं कागदावर शिक्का मारला.

“सांगतो,” मी म्हणालो.

घरी येऊन मुलीला फोन केला. ती म्हणाली, “बरं बाबा, शब्द म्हणजे शब्द. एक अक्षर बोलत नाही,” आणि मग पुढची वीस मिनिटं हळू चालवा, संध्याकाळी काढू नका, पट्टा लावा, असं बोलत राहिली. कारखान्याचा तो कोरा डायनॅमो मी आतल्या खोलीत आरशाखाली ठेवला आहे. त्यावर चष्मा ठेवायला सोयीचं पडतं.

रविवारी मेव्हणा आला. आपली गाडी माझ्या गाडीशेजारी लावली, आत येऊन त्याच खुर्चीत बसला. दोघांनाही कळेना, आता बोलायचं काय. मला सगळं माहीत होतं, मला माहीत आहे हे त्याला माहीत होतं. कुंड्या तशाच ड्रमवर उभ्या. इतक्या वर्षांचा वाद असा संपला तर पुढच्या रविवारी तो कशाला येणार, अशी मला भीती वाटली.

तो घसा खाकरून म्हणाला, “पास झाली म्हणे खटारा.”

“पास होणारच,” मी म्हणालो. “तुझ्या गाडीसारखी नाही ती, डबी गेली की बसली. बावीस वर्षं झाली. एक स्क्रूसुद्धा बदललेला नाही!”

मेव्हणा खिडकीबाहेर बघायला लागला. त्याचे खांदे हलत होते.

मी उठलो आणि चहा ठेवायला आत गेलो. आधण ठेवलं, ओट्याला टेकलो आणि तोंडावर फडकं धरून हसलो, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. ती दर रविवारी इथंच उभी असायची. बावीस वर्षं मला वाटलं, तिला आमचा कंटाळा येतो.

“भाऊजी, चहा करताय की पिकवताय?” बाहेरून आवाज आला.

“थांब रे,” मी म्हणालो. “येतोय.”